चोवीस घरांची टोपली

आधी वही घ्या. बियाणं नंतर.

तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे हजेरीपटासारख्या उभ्या-आडव्या रेघा मारायची मला सवयच आहे. गावात अजून 'टीचर' म्हणूनच हाक मारतात. निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या वाळवंटी नदीच्या काठची सासरची जमीन, साडेतीन हजार चौरस मीटर, भाजीसाठी हाती घेतली. गेली सहा वर्षं पणजी आणि पर्वरीच्या चोवीस घरांना हंगामात दर शनिवारी एक टोपली जाते. ही घरं हंगामाचे पैसे आधी भरतात आणि शेतात जे येईल ते आपसात वाटून घेतात. पीक बरं आलं की टोपली जड, पाऊस नासला की हलकी. जपानात अशी पद्धत पन्नासेक वर्षांपासून आहे, तिला तेइकेई म्हणतात, हे मला आमच्या एका सभासदानंच सांगितलं. असंच काही सुरू करायचं म्हणून लोक शेत बघायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "टीचर, काय लावायचं?" त्याआधी बरंच काही ठरवायचं असतं.

घरं किती घ्यायची

पहिल्या वर्षी ओळखीपाळखीतून चाळीस घरांना हो म्हणून बसले. ऑगस्टात भेंडी आणि काकडी इतकी आली की लोक फोन करून "आता पुरे" म्हणू लागले. ऑक्टोबरच्या एका शनिवारी मात्र टोपलीत एक केळफूल, मूठभर चवळी आणि शेवग्याचा पाला, एवढंच होतं. हिवाळ्याचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा अकरा घरं गळली. मी त्यांना दोष देत नाही.

तेव्हापासून घरं मोजते ती सगळ्यांत वाईट आठवड्यावरून. वर्षभराच्या वहीतले सर्वांत रिकामे तीन शनिवार बघायचे, त्या दिवशी किती घरांचा दोन दिवसांचा स्वयंपाक निघाला असता ते मोजायचं, तेवढीच घरं घ्यायची. माझ्या जमिनीचा तो आकडा चोवीस आला. तुमच्याकडे वही नसेल तर पहिल्या वर्षी दहाच घरं घ्या आणि वरची भाजी बाजारात विका.

पैशांचा हिशेब सरळ आहे. टोपली चार किलोच्या आसपास, चारशे रुपयांची. पावसाळी हंगाम जुलैच्या दुसऱ्या शनिवारपासून १४ आठवडे, म्हणजे ५,६०० रुपये. हिवाळी हंगाम डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून १६ आठवडे, म्हणजे ६,४००. चोवीस घरांचे वर्षाला २,८८,००० होतात. त्यातून दोन बायांची मजुरी, शेणखत, गाडीचं पेट्रोल आणि विहिरीच्या पंपाची दुरुस्ती निघते, थोडं माझ्याकडेही उरतं. बेळगावहून घाट उतरून येणाऱ्या भाजीशी दरात बरोबरी करायला जाऊ नका. ती भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीच्या दरात मिळते, तिथे आपला निभाव लागणार नाही. आपल्याकडे यायचं कारण वेगळं असायला हवं. आमच्याकडे ते सात शिरांची भेंडी आणि तांबडी भाजी (लाल माठ) आहे.

शनिवारपासून मागे

आता वही उघडा. डावीकडे शनिवारांच्या तारखा, वर भाज्यांची नावं. प्रत्येक चौकोनात त्या दिवशी काय हवं ते लिहायचं आणि तिथून मागे दिवस मोजायचे. तांबडी भाजी पेरल्यापासून २८ ते ३० दिवसांत मुळासकट उपटायला येते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवस घेतो, भेंडीची पहिली तोडणी पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, दुधी आणि कारलं दोन महिन्यांनी. वांग्याचं रोप आधी महिनाभर तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) वाढतं आणि लावणीनंतर आणखी दोन महिने खातं. सुरण लावला तर आठ-नऊ महिने त्याचं नाव काढायचं नाही.

भेंडीचं गणित पूर्ण मांडून दाखवते, कारण सगळे इथेच चुकतात. चोवीस घरांना अर्धा किलोप्रमाणे बारा किलो हवी. किलोला चाळीसेक शेंगा, म्हणजे ४८० शेंगा. भरात आलेलं झाड एक दिवसाआड एक शेंग देतं. पण भेंडी थांबत नाही. सोमवारी तोडलेली शनिवारी कोण खाणार? टोपलीत बुधवार आणि शुक्रवार या दोनच तोडण्या जातात, तर दोन तोडण्यांना मिळून २४० झाडं लागतात. पाऊस, किडे आणि मोर यांचा वाटा म्हणून तिसरा हिस्सा वर धरायचा, ३२० झाडं. सोमवारची तोडणी गावातल्या दुकानात जाते. ही ३२० झाडं एकदम लावायची नाहीत. मी बारा-बारा दिवसांच्या अंतरानं तीन खेपा पेरते, म्हणजे एक थकली की दुसरी भरात असते. चाळीस घरांच्या वर्षी मी सगळी भेंडी मृगाच्या पहिल्या दिवशी, सासूबाईंनी नारळ फोडल्याबरोबर, एकाच सकाळी पेरली होती.

तांबड्या भाजीचं सोपं आहे. शनिवारी गाडी गेली की दुपारी एक वाफा पेरायचा, तो चार आठवड्यांनंतरच्या शनिवारचा. चोवीस जुड्या हव्यात तर अठ्ठावीस जुड्यांएवढा वाफा करायचा. बी मोहरीहून बारीक असतं, रेतीत मिसळून फेकलं तर विरळ पडतं. वाफ्याच्या कडेनं राख टाका, नाहीतर रात्रीतून मुंग्या सगळं बी ओढून नेतात.

पावसाची सुरुवात आणि रिकामी टोपली

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे घाटाच्या पायथ्याला जरा जास्तच. त्यातला मोठा भाग जून-जुलैत. गंमत बघा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बाजारात मासळी महागते आणि घराघरात भाजीची आठवण होते. नेमकं तेव्हा शेतात बोटभर रोपं असतात. मासेमारी उघडते न उघडते तोच श्रावण. मग तर महिनाभर सगळ्यांना भाजीच हवी.

म्हणून काही रोपं मृगाच्या आधीच तयार ठेवायची. मी २० मेच्या सुमारास दुधी, दोडकी, पडवळ आणि तवशी (पावसाळी काकडी) यांच्या बिया नारळाच्या करवंट्यांत रुजत घालते. करवंटीला खाली भोक, आत माती आणि कुजलेलं शेण निम्मं निम्मं, दोन बिया. ओसरीच्या कडेला, पागोळ्यांचं पाणी पडणार नाही पण ऊन लागेल, अशा जागी मांडायच्या. दोन-तीन पानं फुटली आणि पावसानं जमीन भिजली की लावायच्या. वेलांचा माटव (मांडव) त्याआधी उभा हवा. वेल लावून झाल्यावर बांबू शोधत फिरणारे लोक मी पाहिलेत. मीही फिरले आहे.

वाफे उंच करा, वीतभर तरी, आणि दोन वाफ्यांमधला चर थेट उतारापर्यंत न्या. आपल्या जांभ्या जमिनीतून पाणी लवकर उतरतं, पण जुलैच्या संततधारेत चर तुंबला की दोन दिवसांत भेंडीची मुळं काळी पडतात. वाफ्यावर सुका पाला पसरला तर पावसाच्या थेंबांनी माती उडत नाही. तांबडी भाजी जुलैत पेरायचा हट्ट मी सोडला, बी वाहून जातं.

जुलैच्या पहिल्या दोन-तीन टोपल्या बांधावरच्याच असतात. कोवळा तायकिळा (टाकळा), तेरं (रानअळू), बांबूचे कोंब, मिळाली तर फागलां (कर्टुली). सोबत मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, राखून ठेवलेली फणसाची बिकणं (आठळ्या), माळ्यावरचे भोपळे आणि भिरंडीची (कोकमाची) सोलं. तायकिळा आणि बिकणं एकत्र दिली की डिचोली-सत्तरीकडच्या माणसाला काही सांगावं लागत नाही. पर्वरीच्या फ्लॅटमधल्या नव्या सुनेला मात्र चिठ्ठी लागते. रानातलं आणताना एक पथ्य पाळते: आपल्या बांधावरचं तेवढंच. रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे अळंबी, मी टोपलीत कधीच देत नाही, कितीही मागितली तरी. ती ज्याला सापडली त्यानं खावी.

चवथीचा आठवडा

गणेशचतुर्थीच्या या एका आठवड्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीला प्रत्येकाला काहीतरी हवं असतं: देठासकट तवशी, चिबूड, आंबाडे, सुपारीचा घड, तेफळांची डहाळी. शिवाय खतखत्यासाठी (मिसळीच्या भाजीसाठी) कंद. मी त्या आठवड्यात एकच टोपली करते, दोन दिवस आधी पोचवते आणि सगळ्यांना सारखीच देते. "मला एक चिबूड जास्त" हे ऐकून घ्यायचं, हसायचं आणि विसरायचं.

चिबुडाबद्दल सांगायलाच हवं. पिकलेला चिबूड आपोआप फुटतो. दुसऱ्या वर्षी मी पिवळेधमक, वास सुटलेले चिबूड टोपल्यांच्या तळाशी ठेवले, जड वस्तू खाली म्हणून. पर्वरीला पोचेपर्यंत अर्धे फुटले आणि वरच्या भाजीत बियांसकट रस. पुतण्याला गाडी नदीवर नेऊन धुवावी लागली. आता देठाजवळ फक्त रंग बदललेले चिबूड तोडते आणि ते टोपलीत न घालता वेगळ्या क्रेटमध्ये गवतावर पाठवते.

ऑक्टोबरची मर

दुसरा खड्डा ऑक्टोबरचा. पावसाळी वेल पिवळे पडतात, हिवाळी भाजी अजून तरव्यात असते, भातकापणीमुळे माणूस मिळत नाही. पहिल्या वर्षी मी इथेच तोंडावर पडले. आता दुसऱ्या शनिवारी हंगाम सरळ बंद करते आणि नोव्हेंबर पूर्ण शेताला देते. सभासदांना हे मेमध्येच सांगितलेलं असतं, कोणी कुरकुरत नाही.

कापणी झालेल्या भाताच्या खाचरातच वांगी, मिरची आणि टोमॅटो लावते. त्यामागे कारण आहे. आपल्याकडे या तिन्हींना मर लागते: हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं आणि तीन दिवसांत जातं. खात्री करायची असेल तर झाडाचं खोड बुडाजवळ तिरकं कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. कापलेल्या भागातून दुधासारखा धागा खाली उतरताना दिसला तर तो जिवाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून जाळायचं. हा जिवाणू मातीत राहतो, पण भातात महिनोन्‌महिने पाणी साचून राहिलं की त्याचं बळ कमी होतं. ज्या जागी यंदा वांगं, तिथे पुढची तीन वर्षं वांगं, मिरची किंवा टोमॅटो नाही. वहीच्या शेवटच्या पानावर शेताचा नकाशा काढून ठेवा, आठवणीवर विसंबू नका. माती आंबट असते, म्हणून लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी चुनाही टाकते. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. मरीला दाद न देणारं वांग्याचं बियाणं तिथे विचारून बघा, मी तिथूनच सुरुवात केली. आगशीच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि चवीत त्याला तोड नाही, पण आमच्या मातीत ते माझ्या हाती लागलं नाही.

उरलेल्या खाचरात अळसांदे (गोव्याची चवळी) पेरायचे. भातानंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवरच ते येतात, पाणी द्यावं लागत नाही. फेब्रुवारीत शेंगा वाळल्या की सोलून दाणे ठेवायचे. नवलकोल, मुळा, कोथिंबीर, कणगीचे कंद यांना हिवाळ्यात फारसं शिकवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत तुम्ही चुकलात तरी टोपली भरते.

तोडणी

या कामात मला स्वतःला खरी गोडी आहे, म्हणून थोडं सविस्तर.

फळभाजी शुक्रवारी दुपारी चारनंतर, पालेभाजी शनिवारी पहाटे पाचला, डोक्याला बॅटरी बांधून. पहाटेचं पान पाण्यानं भरलेलं असतं. तेच दहा वाजता तोडलं तर पर्वरीला पोचेपर्यंत मलूल. तांबडी भाजी मुळासकट उपटायची, माती झटकायची, मुळं तेवढी बादलीत बुचकळायची आणि जुडी केळीच्या सोपटानं बांधून ओल्या गोणपाटात उभी ठेवायची. आडवी ठेवली तर मधली पानं तापतात.

पावसात उलटं. पाऊस पडत असताना तोडलेली पालेभाजी संध्याकाळपर्यंत सडते. तोडावीच लागली तर ओसरीवर चटई पसरून पंख्याखाली अर्धा तास सुकवायची, मगच जुडी. भेंडी कधीच धुवायची नाही, बुळबुळीत होते. ती कात्रीनं देठ ठेवून कापा आणि आधी हाताला खोबरेल लावा, नाहीतर बोटं रात्रभर खाजतात. सात शिरांची भेंडी लांब झाली तरी कोवळी राहते, तिची परीक्षा लांबीवर करू नका. टोक वाकवून बघा, टचकन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर ती शेंग बियाण्याला.

वांग्याला देठाची टोपी हवीच, आणि बोटानं दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे. कारलं पहिलं पिवळं टिपूस दिसायच्या आधी. भोपळा मात्र घाईनं आणू नका. देठ लाकडासारखा झाल्यावर तोडून आठवडाभर ओसरीवर ऊब खाऊ द्या, मग तो महिनोन्‌महिने टिकतो. जुलैच्या टोपलीला आधार असतो तो असाच.

शेतात मी तोलत नाही. ओसरीवर चोवीस टोपल्या मांडायच्या आणि भाजीनं भाजी फिरत जायचं, जसे पत्ते वाटतात. मोठा दुधी एका घराला गेला तर त्या घराच्या नावापुढे वहीत खूण, पुढच्या आठवड्यात त्यांना दोन लहान. आधी जड, मग भेंडी-वांगी, सर्वांत वर पालेभाजी केळीच्या पानात. गाडी साडेआठला सुटते.

पोचवणं, आणि माणसं

घरोघर जाऊ नका. पणजीत एका सभासदाचं गॅरेज आणि पर्वरीत एका इमारतीचा जिना, अशा दोनच जागा आम्ही ठेवल्यात, दहा ते बारा. तिथे एक रिकामी टोपली असते, बदलीची. कारलं न खाणाऱ्यानं त्यात कारलं टाकायचं आणि दुसऱ्यानं टाकलेलं काही उचलायचं. या एका टोपलीनं माझे निम्मे फोन कमी केले.

गुरुवारी रात्री ग्रुपवर यादी टाकते, आणि जे येणार नाही तेही लिहिते: "या वेळी काकडी नाही, फळमाशीनं डागाळली." लोक कमी भाजीवर रागावत नाहीत, शनिवारी अचानक कळलं तर रागावतात. अनोळखी भाजीसोबत चार ओळींची चिठ्ठी जाते. हे मी सुरणानं शिकले. एका बंगाली जोडप्यानं हातानं सोलून नुसता परतला आणि दोन दिवस त्यांचा घसा खवखवत होता. तेव्हापासून सुरण आणि तेरं यांच्यासोबत भिरंडीची चार सोलं बांधलेलीच असतात, "हाताला तेल लावा, आंबट घालून शिजवा" असं लिहून.

टोपल्या बांबूच्या, दोन संच: एक गाडीत, एक लोकांच्या घरी. प्रत्येकीचे दीडशे रुपये अनामत घ्या. मी आधी घेत नव्हते आणि एका टोपलीत कोणाचं तरी मांजर व्यालं.

शिगम्याच्या (होळीच्या) आठवड्यात टोपली नसते. मेळ गावात फिरतो, पुतण्या घोडेमोडणीच्या नाचात, बाया फुगडीला, मी एकटी काय तोडणार? तो शनिवार हंगामाच्या शेवटी जोडून देते. मार्च संपला की विहीर खाली जाते, मजूर काजूला जातात, टोपली बंद. कैरी, नीरफणस, भिरंडं ज्याला हवी त्यानं येऊन झाडाखालून न्यावीत.

एप्रिल-मेचं काम सावलीतलं. बियाण्यासाठी ठेवलेल्या भेंडीच्या शेंगा फोडायच्या. पहिली आणि शेवटची शेंग वगळून, निरोगी झाडांच्या मधल्या शेंगांचंच बी घ्यायचं, पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या झाडाचं मुळीच नाही. राखेत मिसळून बाटलीत, वर तारीख. वहीतली बेरीज करून सभासदांना पाठवायची: किती किलो गेलं, काय बुडालं, पुढच्या वर्षी काय नको. मग पैसे मागायचे. आणि टोपल्या धुवून, शेणानं सारवून उन्हात वाळवायच्या, म्हणजे पावसात बुरशी धरत नाही. काल दुसऱ्या संचातल्या बावीस वाळवल्या. दोन अजून पर्वरीत आहेत.